चादरीचं व्याकरण : कोणाचं आणि कशासाठी?



आजच्या विषयाचं नाव ऐकून काहींनी दारातूनच परत फिरायचा विचार केला असेल. आकारिक व्याकरणं, ज्याला फॉर्मल ग्रामर म्हणतात ती, आणि ऑटोमेटा! हे संगणकवाल्यांचं काम. तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तराने यात का पडावं? त्याला कारण एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही नियम आणि यंत्र यांविषयी बोलत होतो. पूर्व भागातला एक मुलगा उठला. घरी यंत्रमाग होते त्याच्या. म्हणाला, "सर, आमचा जकार्डचा माग रोज नक्षी विणतो. त्याला नक्षी कळते का?" वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो. तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, हे आम्हांला फार उशिरा कळलं. आजचं व्याख्यान म्हणजे त्याला उशिराने दिलेलं उत्तर समजा.

पण उत्तराआधी दोन लोकप्रिय समजुती तपासून बाजूला ठेवायला हव्यात. सोलापुरात कुठलंही संगणकाचं शिबिर असो, उद्घाटनाच्या भाषणात त्या येतातच. पहिली समजूत अशी की, जकार्डचा माग हाच जगातला पहिला संगणक, म्हणजे आपण सोलापूरकर पिढ्यान्‌पिढ्या संगणकच चालवत आलो. दुसरी अशी की, पाणिनीने अडीच हजार वर्षांपूर्वीच संगणकाची भाषा लिहून ठेवली. ऐकायला दोन्ही गोड आहेत. दोन्हींत तथ्याचा अंशही आहे. पण तो अंश कोणता, हे सांगितलं नाही तर अभिमान उरतो आणि समज जाते.

आधी माग घेऊ. जकार्ड काय करतो, हे इथे निम्म्या लोकांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे, तरी उजळणी करतो. ताण्याचे धागे उभे पसरलेले असतात. बाण्याचा धागा धोट्यातून आडवा जातो. धोटा जाण्याआधी कोणते ताणे वर उचलायचे आणि कोणते खाली ठेवायचे, यावर त्या ओळीची नक्षी ठरते. हे पुठ्ठ्याच्या कार्डावरची भोकं ठरवतात. भोक असेल तिथे सुई आत जाते, तिचा हुक जागेवर राहतो आणि ताणा उचलला जातो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते, हुक बाजूला सरतो आणि ताणा खालीच राहतो. बाण्याच्या एका फेऱ्याला एक कार्ड. कार्डं दोरीने ओवून त्यांची माळ केलेली. माळ संपली की पुन्हा पहिल्यापासून.

ल्योंच्या जोसेफ मारी जकार्डने हे यंत्र 1804 च्या सुमाराला सिद्ध केलं. त्याच्याही आधी, 1725 मध्ये, बुशों नावाच्या कारागिराने भोकांच्या कागदाची युक्ती वापरली होती. पुढे इंग्लंडात चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी कार्डांची हीच कल्पना उचलली, आणि 1843 मध्ये एडा लव्हलेसने आपल्या टिपांत त्या यंत्राची तुलना थेट जकार्डच्या मागाशी केली. इथवर अभिमान रास्त आहे.

पण फरक पाहा. माग कार्ड वाचतो, कार्डावर काही लिहीत नाही. विणलेल्या ओळीत काय आलं, हे पाहून पुढचं कार्ड बदलत नाही. पाचशे कार्डांची माळ असेल तर त्याच्या पाचशे अवस्था, त्याच क्रमाने, फिरून फिरून. ऑटोमेटाच्या भाषेत हा अगदी तळाच्या पायरीवरचा गडी. बॅबेजच्या आराखड्यात मात्र हिशेबाचं फळ पाहून कार्डांची माळ मागे किंवा पुढे नेण्याची सोय होती. 'अमुक झालं तर तमुक कर' हे तिथे शक्य होतं. संगणक तिथे सुरू होतो, भोकात नव्हे.

खुद्द जकार्डचं रेशमात विणलेलं एक चित्र 1839 चं आहे. बॅबेजने ते घरी लावलं होतं. त्याला सुमारे 24,000 कार्डं लागली. लोक हा आकडा यंत्राच्या बुद्धीचा पुरावा म्हणून सांगतात. आमच्या मते तो उलटा पुरावा आहे. चोवीस हजार कार्डं लागली, कारण चित्राचा एकही नियम यंत्राजवळ नव्हता. होती ती यादी. ओळ एक, ओळ दोन, ओळ तीन. ज्याच्यापाशी नियम नाही त्याला सगळंच पाठ करावं लागतं, हे आम्ही परीक्षेच्या हॉलमध्ये आयुष्यभर पाहत आलो.

यादी आणि नियम यांतला हा फरक म्हणजेच आकारिक व्याकरणाचा जन्म. व्याकरण म्हणजे मोजक्या नियमांतून अमर्याद रचना काढण्याची सोय. नोम चॉम्स्कीने 1956 च्या निबंधात भाषेची तीन प्रतिमानं एकमेकांशेजारी ठेवून तपासली. सगळ्यांत साधं प्रतिमान मर्यादित अवस्थांच्या यंत्राचं. हे यंत्र एकेक चिन्ह वाचतं आणि मागचं सगळं विसरतं, फक्त 'मी आत्ता कोणत्या अवस्थेत आहे' एवढंच त्याला ठाऊक. चादरीच्या किनारीवर लाल-पांढरा, लाल-पांढरा असा पट्टा असेल तर तो तपासायला हे यंत्र पुरे. पण मराठीत 'जर' आला की पुढे 'तर' यावा लागतो, आणि त्या दोघांच्या मध्ये आणखी एक जर-तर बसू शकतो, त्याच्या पोटात आणखी एक. किती 'जर' उघडे आहेत हे लक्षात ठेवायला हवं. ठरावीक अवस्थांच्या यंत्राला ते जमत नाही. त्याला ताटांच्या चळतीसारखी स्मृती लागते : शेवटी ठेवलेलं आधी काढायचं. ही वरची पायरी. आणखी वर जात गेलो की शेवटी ट्युरिंगचं 1936 चं यंत्र, ज्याला हवा तितका कागद आणि हवं तिथे खोडायची, लिहायची मुभा.

ही पायऱ्यांची रचना विसाव्या शतकातल्या विचाराचं एक खरं यश आहे, असं आम्ही मानतो. अमुक काम करायला कमीत कमी किती स्मृती लागते, हे ती सिद्ध करून दाखवते, नुसतं म्हणत नाही. तत्त्वज्ञानात इतकं ठाम काही हाती लागणं दुर्मीळ.

मग तक्रार काय? हे व्याकरण चित्राला लावलं की काय होतं, तिथे आमची तक्रार सुरू होते.

आपल्या चादरीची नक्षी बहुधा आरशातल्यासारखी असते. मधल्या रेषेच्या डावीकडे जे, तेच उजवीकडे उलट्या क्रमाने. आता ही ओळ डावीकडून उजवीकडे एकेक धागा वाचत तपासायची म्हटलं, आणि चादर कितीही रुंद असू शकते असं धरलं, तर मर्यादित अवस्थांचं यंत्र हरतं. अर्धी ओळ उलट्या क्रमाने आठवायला चळत लागते. सिद्धान्त सांगेल : आरशाची नक्षी ही पट्ट्याच्या नक्षीपेक्षा वरच्या पायरीची, अधिक अवघड.

पण मागावर जाऊन पाहा. विणकर काय करतो? मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावरचे दोन ताणे एकाच हुकाला बांधतो. हुक उचलला की दोन्ही उठतात. आरसा तयार! स्मृती नाही, चळत नाही, वर अर्ध्याच हुकांत काम. आरसा दोरीत बांधलेला आहे. यंत्राला तो आठवावा लागतच नाही, कारण ओळीतले सगळे धागे एका क्षणी उचलले जातात. अडचण नक्षीची नव्हती. चित्र एका ओळीत उलगडून, मुंगीने भिंतीवरचं चित्र वाचावं तसं वाचायचा हट्ट आपण धरला, त्या हट्टाची ती अडचण होती.

हा आमचा आजचा मुख्य मुद्दा. एखादं प्रतिमान 'हे चित्र अवघड आहे' असं म्हणतं, तेव्हा ते चित्राविषयी जितकं बोलतं तितकंच स्वतःच्या वाचनाच्या पद्धतीविषयीही बोलत असतं. दोन्ही विधानं वेगळी करणं हे टीकेचं काम.

हे तज्ज्ञांना कळत नव्हतं असं नाही. मद्रासजवळ तांबरमच्या ख्रिश्चन कॉलेजात गिफ्ट सिरोमनी आणि राणी सिरोमनी हे दांपत्य आणि कमला कृतिवासन यांनी 1972 मध्ये चित्रांसाठी वेगळंच व्याकरण मांडलं, आणि 1974 मध्ये ते कोलमला, म्हणजे तिकडच्या रांगोळीला, लावून दाखवलं. दारातल्या रांगोळीकडे पाहून जागतिक दर्जाचं गणित करणारी ही माणसं. त्यांच्याविषयी आपल्याकडे किती कमी बोललं जातं!

त्यांची युक्ती ऐकली की विणकराला घरचंच वाटेल. पहिल्या टप्प्यात व्याकरण फक्त एक आडवी ओळ तयार करतं. त्या ओळीतलं प्रत्येक अक्षर म्हणजे एका उभ्या स्तंभाचं बीज. दुसऱ्या टप्प्यात सगळे स्तंभ एकाच वेळी, एका तालात, खाली वाढतात. एक पाऊल सगळ्यांचं, मग दुसरं पाऊल सगळ्यांचं. आधी ताणा लावला, मग फेऱ्यामागून फेरा विणत गेलो, असंच ना हे? या व्याकरणात आरसा सोपा होतो. पहिल्याच ओळीत बीजं आरशाच्या क्रमाने मांडली की झालं.

पण आता शंकरपाळ्याच्या आकाराचा ठिपका घ्या. त्याची तिरपी कड पहिल्या स्तंभात पहिल्या ओळीला, दुसऱ्या स्तंभात दुसऱ्या ओळीला, तिसऱ्यात तिसऱ्या. असे हव्या त्या आकाराचे शंकरपाळे, आणि फक्त शंकरपाळेच, या व्याकरणाच्या साध्या रूपातून निघत नाहीत. का ते सांगतो, फार गणित लागत नाही. बीजाक्षरं मोजकी आहेत, समजा दहा. तिरपी कड अकरा स्तंभांची झाली, की निदान दोन स्तंभांचं बीज एकच असणार. ज्यांचं बीज एक आणि उंची एक, त्यांचं पोट अदलाबदल केलं तरी व्याकरणाची हरकत नाही. कारण स्तंभ शेजाऱ्याला विचारत नाही. पण ती अदलाबदल केली की कड मोडते. म्हणजे जे व्याकरण बरोबर शंकरपाळा देईल, ते मोडकाही देईल.

अर्थात हे कळल्यावर अभ्यासकांनी पुढे अधिक समर्थ व्याकरणं केली. आम्ही त्यांचा दोष काढत नाही. आम्ही दाखवतोय ते एवढंच : एका व्याकरणाला आरसा अवघड, दुसऱ्याला आरसा सोपा पण शंकरपाळा अशक्य. चादर तीच. आणि रांगोळीचे ठिपके मांडणाऱ्या मुलीला दोन्ही सारखेच सोपे, कारण ती ठिपक्यांचं जाळं एकदम पाहते आणि तिरकं जायचं असेल तिथे तिरकी जाते.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन होते. देशात घडवलेल्या पहिल्या संगणकांपैकी एक, टिफ्रॅक, त्यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला आणि 1960 मध्ये कामाला लागला. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ते अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात गेले. तिथे प्रश्न होता बबल चेंबरच्या छायाचित्रांचा. अणूच्या पोटातल्या कणांच्या वाटा त्या चित्रांत रेघांसारख्या उमटत, आणि अशी चित्रं ढिगाने येत. यंत्राने ती वाचावीत कशी?

नरसिंहनांनी घेतलेली भूमिका फार महत्त्वाची आहे. चित्राला एक नाव चिकटवणं, 'हे अ आहे, हे ब आहे' म्हणणं, म्हणजे चित्र वाचणं नव्हे, असा त्यांचा आग्रह. चित्राचं वर्णन करता आलं पाहिजे. ही रेघ, हा वाटांचा फाटा, ही रेघ त्या फाट्यातून निघते. अवयव आणि त्यांची नाती. त्यासाठी त्यांनी व्याकरणाची कल्पना वापरली, आणि 1966 पर्यंत चित्रांच्या वाक्यरचनेवरचे त्यांचे निबंध या शाखेच्या पायाभरणीत गणले जाऊ लागले. व्याकरण इथे चाळणी नव्हती, वर्णनाची भाषा होती. हा फरक आपण जपायला हवा.

आणि गंमत पाहा. याच माणसाने पुढे भाषेच्या बाबतीत नुसत्या आकारिक व्याकरणावर समाधान मानलं नाही. 1981 च्या पुस्तकात त्यांनी भाषिक वर्तनाचं प्रतिमान मांडायचा प्रयत्न केला. माणूस भाषेने काय करतो, मूल ती कशी उचलते, हे त्यांना केंद्रस्थानी वाटू लागलं. साधन ज्याने हातात घेऊन वापरलं, त्यालाच त्याची मर्यादा नीट दिसली. बाहेरून टीका करणारे आमच्यासारखे पुष्कळ. आतून करणारा विरळा.

आता पाणिनीकडे. 1967 मध्ये पीटर इंगरमन या संगणकतज्ज्ञाने सुचवलं की, संगणकभाषा लिहिण्याच्या बॅकसच्या पद्धतीला पाणिनीचंही नाव द्यावं. सूचना योग्य होती. सुमारे 4,000 सूत्रांत एक अख्खी भाषा बांधणारा माणूस नियमाचं सामर्थ्य किती जाणत असेल! पण त्यावरून 'संस्कृत ही संगणकाला सर्वोत्तम भाषा' इथवर उडी मारायची, हे तर्काच्या वर्गात आम्ही नापास केलं असतं. पाणिनीचं व्याकरण बोलायच्या अर्थापासून निघून रूपापर्यंत जातं. नुसत्या चिन्हांच्या रांगा बऱ्या-वाईट निवडणं हा त्याचा उद्योग नाही.

पतंजलीने महाभाष्याच्या सुरुवातीलाच हे फार सुंदर सांगितलंय. ज्याला घडा हवा तो कुंभाराकडे जातो आणि घडा करून दे म्हणतो. पण शब्द हवे म्हणून कोणी वैयाकरणाकडे जात नाही, की बाबा, मला शब्द करून दे. लोक आधी बोलतात. व्याकरण मागून येतं आणि त्या बोलण्याला नियम लावतं. याला आम्ही सोलापुरी जोड देतो : ज्याला चादर हवी तो विणकराकडे जातो, ऑटोमेटाच्या प्राध्यापकाकडे जात नाही.

यात प्राध्यापकाचा अपमान नाही. पण क्रम उलटा झाला की नुकसान होतं, आणि ते नुकसान आज आपल्या दारात आहे. पूर्वी नक्षी काढणारा माणूस चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचा. त्यावरून कार्डांना भोकं पाडली जायची. आता ते काम संगणकाच्या पडद्यावर होतं आणि नक्षी फाइलमध्ये राहते. सोय झाली, नाकारायचं कारण नाही. पण फाइल म्हणजे काय? पुन्हा यादीच. ही एक चादर त्यात पूर्ण आहे, पुढची नाही. आता तर मागाल तितक्या 'सोलापुरी' नक्षी क्षणात काढून देणाऱ्या प्रणाली आल्यात. त्या यादीच्या पुढे गेल्या, हे मान्य. हजारो नमुने पाहून त्यांच्यासारखं दिसणारं त्या काढतात. पण 'यांच्यासारखं दिसतं' आणि 'हे काढण्याजोगं आहे' ही दोन वेगळी विधानं आहेत.

म्हणून तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. एक यादी : कार्डं, फाइल. दोन नियम : ज्यातून होऊ शकणाऱ्या सगळ्या नक्षी निघतात, चांगल्याही आणि भिकारही. तीन निवड : नियमात बसणाऱ्या अगणित नक्षींतून ही घ्यावी, ती टाकावी, इथे नियम मोडावा, असं म्हणणारी नजर. आकारिक व्याकरण पहिल्या दोहोंतला फरक लखलखीत दाखवतं. तिसरीबद्दल ते गप्प आहे, आणि ते गप्प आहे हे त्याने कधी लपवलेलंही नाही. लपवतो आपण. 'सगळं कार्डात आहे', 'सगळं प्रोग्रॅममध्ये आहे' असं म्हणतो, तेव्हा नक्षी काढणाऱ्याला आपण हिशेबातून वगळतो. मग मजुरीतूनही वगळायला वेळ लागत नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे नाव सुरक्षित झालं. फाइलमध्ये नक्षी सुरक्षित झाली. निवडणारी नजर कुठे सुरक्षित आहे? ती कोणाच्या तरी डोळ्यांत आणि हातांत आहे, आणि ते हात म्हातारे होताहेत.

करता येण्यासारखं एक काम सांगतो आणि थांबतो. आपल्या महाविद्यालयांतली संगणकशास्त्राची मुलं ऑटोमेटा शिकतात, पुस्तकातल्या अ-ब-अ-ब वर. त्यांना एक चादर द्या. म्हणावं, हिचं व्याकरण लिहा. मग तुमच्या व्याकरणातून निघणाऱ्या दहा नव्या नक्षी काढा आणि एखाद्या जुन्या नक्षी काढणाऱ्यापुढे ठेवा. तो किती बाजूला सारतो ते मोजा, आणि का सारतो ते विचारून लिहून घ्या. दहातल्या आठ टाकल्या तर तुमचं व्याकरण चुकलं असं नाही. त्या आठांच्या कारणांत जे सापडेल, ते कुठल्या पुस्तकात अजून लिहिलेलं नाही.

आणि त्या मुलाचा प्रश्न? नाही रे बाबा, मागाला नक्षी कळत नाही. व्याकरणालाही कळत नाही. तुझ्या घरात ती कोणाला कळत होती, हे त्या दिवशी आम्ही तुला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. तुम्ही विचारा.